बंद घरातली बॅटरी: कोणती भरून ठेवायची, कोणती अर्धी

कोकणात बॅटरी वापरून जेवढी मरते, त्याहून जास्त नुसती पडून मरते. गणपतीच्या आधीचा आठवडा कसा जातो, हे इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. चाकरमानी गावी पोचतात, कुलूप उघडतं, झाडलोट होते, मेन स्विच वर जातो. रात्री लाइट गेली की कळतं, इन्व्हर्टर दहा मिनिटंसुद्धा धरत नाही. "काका, दोन वर्षांपूर्वीच घेतली हो, आणि वर्षातून पंधरा दिवस तर वापरतो!" ही तक्रार अगदी खरी असते. पण बॅटरीचं आयुष्य त्या पंधरा दिवसांत ठरलेलंच नसतं. उरलेले साडेअकरा महिने ती कशी पडून होती, त्यावर ते ठरलेलं असतं.

आणि इथेच घोटाळा होतो, कारण सगळ्या बॅटऱ्या सारख्या ठेवून चालत नाहीत. शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवावी लागते. लिथियमची अर्धी भरून ठेवावी लागते. निकेलच्या सेलला फारसा फरक पडत नाही. एकीचा नियम दुसरीला लावला की दोन्ही जातात. हे असं का, ते आतलं रसायन थोडं समजून घेतलं की लक्षात राहतं. नुसता नियम पाठ केला तर ऐनवेळी उलटसुलट होतो.

शिशाची बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरची, रिक्षेची, होडीच्या इंजिनाची बॅटरी बहुतेक करून शिशाची असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली आणि मूळ रसायन आजही तेच आहे. एक प्लेट शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, दोन्ही पाणी मिसळलेल्या सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडालेल्या. अशा एका कप्प्याचे साधारण दोन व्होल्ट, सहा कप्पे मिळून बारा. आपण वीज वापरतो तेव्हा ॲसिडमधलं सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतं आणि लेड सल्फेट तयार होतं. ॲसिड तेवढं पातळ होतं. चार्ज करताना हेच उलट्या दिशेने घडतं. म्हणून तर मेकॅनिक हायड्रोमीटर घालून ॲसिडची 'ग्रॅव्हिटी', म्हणजे ते पाण्यापेक्षा किती दाट आहे, ते बघतो. चांगल्या भरलेल्या ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेटांच्या) बॅटरीत ती १.२४ च्या आसपास असते, उतरलेल्या बॅटरीत १.१५ च्या खाली जाते. सहापैकी एकाच कप्प्याची ग्रॅव्हिटी खूप कमी दिसली, तर तो कप्पा गेला आणि तो बाकीच्या पाचांनाही खाली ओढणार.

ताजं लेड सल्फेट बारीक दाण्यांचं असतं. त्याला वेळेत चार्जिंग मिळालं तर ते परत शिसं आणि ॲसिड होतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर ते दाणे एकत्र येऊन मोठे आणि कठीण होतात, पावसाळ्यात बरणीतल्या मिठाचा खडा व्हावा तसे. या खड्यांतून वीज वाहत नाही आणि चार्जर रात्रभर लावला तरी ते पुरते विरघळत नाहीत. प्लेटचा जेवढा भाग त्यांच्याखाली गेला, तेवढी बॅटरी गेली. याला सल्फेशन म्हणतात. फसवं म्हणजे अशी बॅटरी बाहेरून नवीकोरी दिसते, आणि चार्जर तासाभरात 'फुल' दाखवतो. ते खोटं नसतं. भरायला जागाच थोडी उरलेली असते.

आता बंद घरात काय होतं ते बघा. निघताना आपण काळजीने मेन स्विच पाडतो. पावसात विजा चमकतात, जुनं वायरिंग असतं, त्यामुळे ते बरोबरच आहे. पण घरमालक मुंबईला निघाला हे इन्व्हर्टरला कसं कळणार? त्याच्या लेखी फक्त लाइट गेलेली असते. तो लगेच बॅटरीवर जातो. देवघरातला झिरोचा दिवा चालू राहिला असेल तर तो पेटता ठेवतो. काहीही चालू नसलं तरी इन्व्हर्टरला स्वतःला चालू राहायला थोडी वीज लागतेच, बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरना दहा-वीस वॅट. १५० एएचची (अँपिअर-अवरची) बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. वीस वॅटने ती चार दिवसांत संपते. साडेदहा व्होल्टच्या आसपास इन्व्हर्टर बंद पडतो आणि बॅटरी रिकामी होऊन बसते. मे अखेरीला कुलूप लागलं असेल तर गणपतीपर्यंत, म्हणजे तीन महिने, ती तशीच रिकामी. वर्षभरातला हा एक प्रकार थांबवला तरी कितीतरी बॅटऱ्या वाचतील असं मला मनापासून वाटतं, कारण नुकसान बॅटरीच्या दोषाने होत नाही, निव्वळ क्रम चुकल्याने होतं.

नुसता इन्व्हर्टरचा स्विच बंद केला तर? बरं, पण पुरेसं नाही. शिशाची बॅटरी काही न करताही उतरत राहते. २५ अंशांना महिन्याला साधारण ३ ते ५ टक्के, प्लेटांत अँटिमनी असलेल्या ट्युब्युलर बॅटऱ्यांत त्याहून थोडी जास्त, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग जवळजवळ दुप्पट होतो. किनाऱ्यावर बाराही महिने उकाडा असल्यामुळे आपण कायम या आकड्याच्या वरच्या टोकाला असतो.

म्हणून क्रम असा ठेवा. निघण्याच्या आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण चार्ज होऊ द्या. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर घाला, आधी नाही. चार्ज होताना पातळी वर येते आणि आधी काठोकाठ भरलेलं पाणी ॲसिड घेऊन बाहेर सांडतं. (प्लेटा उघड्या पडल्या असतील तर मात्र त्या बुडतील एवढं आधीच घालावं.) मग इन्व्हर्टर बंद करा, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलचा नट सोडवून वायर काढा आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळा. मेन स्विच सगळ्यात शेवटी. वाडीत किल्ली कुणाकडे तरी असतेच. त्या माणसाने दीड-दोन महिन्यांनी एकदा येऊन वायर जोडून दिवसभर चार्जिंग लावलं, तर ती बॅटरी कुठल्याही वापरातल्या बॅटरीइतकी टिकते.

काही जण मेन स्विच चालूच ठेवून जातात, म्हणजे चार्जिंग होत राहील. दोन-तीन आठवड्यांसाठी हे ठीक आहे. सहा महिन्यांसाठी नाही. सतत चार्जिंगवर असलेली बॅटरी पाणी फोडत राहते, त्यातून हायड्रोजन निघतो, पातळी उतरते, प्लेटा उघड्या पडतात. उघडी पडलेली प्लेट नंतर पाणी घालूनही पूर्वीसारखी होत नाही.

खाऱ्या हवेबद्दल एक गोष्ट, कारण देशावर लिहिलेल्या सूचनांत ती सापडत नाही. समुद्राजवळच्या घरात बॅटरीच्या वरच्या झाकणावर मीठ, धूळ आणि दमट हवेचा एक चिकट थर बसतो. तो दिसतही नाही, पण वीज थोडीथोडी वाहून नेतो आणि एका टर्मिनलकडून दुसऱ्याकडे गळती चालू राहते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर धरते ती वेगळीच. ती मध्ये आली की चार्जरला बॅटरीचा व्होल्टेज जास्त वाटतो आणि तो लवकर हात आखडता घेतो, बॅटरी अर्धवटच भरते. गरम पाण्यात खायचा सोडा घालून त्या पाण्याने टर्मिनल धुवायचं, पाणी आत कप्प्यात जाऊ द्यायचं नाही, कोरडं पुसायचं, नट घट्ट करायचा आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. किनाऱ्यावर हे वर्षातून दोनदा केलंच पाहिजे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर.

काम करताना ही बॅटरी कशी झिजते, तेही बघू. ती दर वेळी जितकी खोल उतरवाल तितकं तिचं आयुष्य जास्त खर्च होतं. साधारण निम्म्यापर्यंत उतरवून परत भरली तर ती बराच काळ टिकते, रोज पार संपवली तर लवकर बसते. दोन साधे पंखे, चार एलईडी बल्ब आणि वायफाय मिळून २०० वॅट धरा. इन्व्हर्टरमधली घट वजा केली तर १५० एएचच्या बॅटरीचा निम्मा साठा पावणेचार तास पुरतो. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले तर तोच लोड शंभरावर येतो आणि तेवढाच साठा सात तास चालतो. मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो. बॅटरी परत चार-पाच वर्षांनी घ्यावीच लागते, पंखा राहतो.

वादळात मात्र हे गणित कोसळतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, आणि त्या पट्ट्यातल्या कित्येक गावांत पुढे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पहिल्या रात्री बॅटऱ्या संपल्या आणि मग रिकाम्याच राहिल्या. वादळाची सूचना आली की बॅटरी भरून घ्या, पण तीस टक्के उरली की हाताने बंद करा आणि बरेच दिवस वीज येणार नसेल तर जनरेटरवर वा गाडीवर एकदा तरी चार्ज करून ठेवा.

होड्यांचंही असंच. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या वर ओढून शाकारल्या जातात, बॅटरी काढून घरी पडवीत येते आणि दोन महिने तिथेच राहते. ऑगस्टमध्ये इंजिन 'घरघर' करून थांबतं. पडवीत आणल्या दिवशी पूर्ण चार्ज आणि मध्ये एकदा चार्ज, एवढं केलं की काम होतं. शिवाय इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळ्या बांधणीची असते. तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी. तिच्यावरच रात्रभर दिवे, जीपीएस आणि फिश फाइंडर चालवले तर त्या पातळ प्लेटांवरचा माल गळून तळाशी साठतो. समुद्रात इंजिन सुरू न होणं म्हणजे काय हे मिरकरवाड्यात किंवा हर्णैला कुणाला सांगायला नको. दिव्यांसाठी दुसरी, जाड प्लेटांची बॅटरी ठेवणं हा तिथे सुरक्षिततेचा भाग आहे.

निकेलचे सेल

हे थोडक्यात. टॉर्च, कॅमेरा, खेळणी यांत जे पेन्सिल सेल चार्ज करून वापरतो ते निकेल-मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्टचे. साधे सेल महिन्याभरात बराच चार्ज गमावतात. २००५ नंतर आलेले कमी गळतीचे सेल वर्षभर पडून राहिले तरी बहुतांश चार्ज टिकवतात. बंद घरातल्या टॉर्चसाठी हेच घ्यावेत, आणि सेल टॉर्चमधून काढून ठेवावेत.

यांच्या आधीचे निकेल-कॅडमियमचे सेल. त्यांना वारंवार अर्धवट उतरवून भरलं की ते तेवढीच क्षमता दाखवू लागायचे. 'बॅटरी पूर्ण संपवूनच चार्ज करा' हा सल्ला त्या काळातला. तो आजही मोबाइलच्या बाबतीत दिला जातो, आणि तिथे तो सरळसरळ नुकसान करतो.

लिथियमची बॅटरी

मोबाइल, लॅपटॉप, ई-स्कूटर, आणि आता इन्व्हर्टरसुद्धा. सोनीने १९९१ साली ही बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. इथे प्लेटांवर नवा पदार्थ तयार होत नाही. लिथियमचे आयन एका बाजूच्या थरांतून निघून दुसऱ्या बाजूच्या थरांत जाऊन बसतात, चार्ज करताना ग्रॅफाइटमध्ये, वापरताना परत. म्हणून ती शिशापेक्षा कितीतरी वेळा भरता-उतरवता येते.

पण पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक अतिशय पातळ थर तयार होतो. तो आवश्यक असतो, बॅटरीतलं द्रावण आणि ग्रॅफाइट यांना एकमेकांपासून वाचवतो. अडचण ही की तो हळूहळू वाढत राहतो आणि वाढताना लिथियम खातो. तेवढं लिथियम कायमचं बाद. बॅटरी वापरा किंवा कपाटात ठेवा, ही वाढ चालूच असते, आणि बॅटरी जितकी गरम व जितकी जास्त भरलेली, तितकी जलद. नेहमी दिले जाणारे अंदाजे आकडे असे: कोबाल्टवाली लिथियम बॅटरी २५ अंशांना वर्षभर ४० टक्के चार्जवर ठेवली तर क्षमतेतले साधारण ४ टक्के जातात, पूर्ण भरून ठेवली तर २० टक्के. ४० अंशांना हेच अनुक्रमे १५ आणि ३५ टक्के होतात. पत्र्याच्या शेडमध्ये शंभर टक्के भरून झाकून ठेवलेली स्कूटर उन्हाळ्यात नेमकी या शेवटच्या अवस्थेत असते.

अगदी रिकामी ठेवणं त्याहून वाईट. सेलचा व्होल्टेज फारच खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि अशा सेलला नंतर चार्ज केलं तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. बॅटरीतलं नियंत्रण सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, तेही सतत थोडी वीज घेत असतं. म्हणून ई-स्कूटर किंवा जुना लॅपटॉप गावी ठेवून जायचा असेल तर ५० ते ६० टक्के चार्ज, सावलीतली हवेशीर जागा, चार्जर काढलेला, आणि दोन-तीन महिन्यांनी पाहून परत तेवढाच भरलेला.

लिथियममध्येही जाती आहेत आणि घेताना विचारावं असा हाच प्रश्न आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी, कमी वजनात जास्त वीज साठवतात, म्हणून जास्त पल्ल्याच्या गाड्यांत त्या दिसतात; भरण्या-उतरण्याच्या साधारण हजारभर पूर्ण फेऱ्यांनंतर क्षमता ८० टक्क्यांवर येते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या, म्हणजे एलएफपी, त्याच विजेला वजनाने जड, पण दोन हजारांहून जास्त फेऱ्या सहज देतात. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे बॅटरी तापली तरी तो सहजासहजी सुटत नाही आणि आगीचा धोका कमी राहतो. घरात ठेवायच्या इन्व्हर्टरसाठी मी एलएफपीच सुचवेन. बंद राहणाऱ्या घरासाठी तर नक्कीच, कारण अर्धी भरून, वायर काढून ठेवली तर चार महिने तिला कुणी बघितलं नाही तरी चालतं, पाणी घालायची भानगड नाही, आणि सल्फेशन नावाचा प्रकारच नाही. फक्त जुन्या इन्व्हर्टरला तशीच जोडू नका. त्याच्या चार्जिंगमध्ये लिथियमची सोय आहे का ते आधी बघा.

एलएफपीची एक खोड आहे. तिचा व्होल्टेज बरीच भरलेली असताना आणि अर्धी झालेली असताना जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे किती टक्के उरली याचा बीएमएसचा हिशोब हळूहळू चुकत जातो. वीस टक्के दाखवत असताना गाडी बंद पडते ती यामुळे. रोजच्या वापरात आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरली की हिशोब जुळतो. एनएमसीवाल्यांनी मात्र रोज ८० टक्क्यांवर थांबावं, लांब जायच्या दिवशीच पूर्ण भरावी. शून्य अंशाखाली चार्ज करू नये हा लिथियमचा मोठा नियम आपल्याला कधीच लागणार नाही. आपल्याकडे शत्रू उकाडा आहे. घाटातून चढून आल्या आल्या तापलेल्या स्कूटरला चार्जर लावू नका, अर्धा तास थांबा.

सोडियमच्या बॅटऱ्या बाजारात यायला लागल्या आहेत. त्यांच्यात तांब्याऐवजी दोन्हीकडे ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो, म्हणून त्या पार रिकाम्या ठेवल्या तरी बिघडत नाहीत. बंद घरांच्या दृष्टीने हे मोठंच आहे, पण आज विकत घेण्यासाठी त्यांची वाट बघावी असं नाही.

पुराचं पाणी लागलं तर

चिपळूणला जुलै २०२१ च्या पुरात तळमजले बुडाले, त्यात जिन्याखालचे इन्व्हर्टरही. शिशाच्या बॅटरीत खाडीचं खारं पाणी शिरलं तर चार्जिंगच्या वेळी क्लोरीन वायू निघू शकतो. खोलीची दारं-खिडक्या उघडा, बॅटरीला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा, आणि ती परत चार्ज करायच्या फंदात पडू नका. लिथियमचा धोका उशिरा येतो. फ्लोरिडात २०२२ च्या इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्या काही दिवसांनी पेटल्या. स्कूटरवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, एवढाच. बुडालेली गाडी सुरू करून बघू नका, चार्जरला लावू नका, घरापासून दूर उघड्यावर ठेवा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. फुगलेल्या बॅटरीलाही हाच नियम.

नवी घेताना एक गोष्ट न विसरता बघा: बनल्याची तारीख. दुकानात पडून राहिलेली बॅटरीही बंद घरातल्या बॅटरीसारखीच म्हातारी होते. शिशाची ओली बॅटरी सहा महिने न चार्ज करता गोदामात राहिली असेल तर ती नवी नाही. दुकानदारासमोर मीटर लावायला सांगा. न वापरता ठेवलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. वॉरंटी '३६+२४' असेल तर पहिले ३६ महिने बदलून मिळते आणि पुढच्या २४ महिन्यांत फक्त किमतीत सवलत, हे बिलावर लिहून घ्या. जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता त्याच दुकानात परत करा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेऊन नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि शिशाच्या जुन्या बॅटरीचे पैसे नवीच्या किमतीतून वजा होतात.